ज्योत आणि झोत

विजेचे काम तारेने होते, असे म्हणण्याची रीत आहे, आणि ते खरेही आहे. परंतु विजेचे काम बिघडते ते बहुधा तारेत नव्हे, तारेच्या सांध्यात. तार कारखान्यात तयार होते. यंत्र तिच्यावर सारख्या जाडीचे वेष्टन चढवते, तिची परीक्षा होते आणि मगच ती बाजारात येते. सांधा मात्र जागेवर तयार होतो. कोणी गच्चीवर उन्हात बसून, कोणी मोटारीखाली उताणे पडून, कोणी लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत एका हाताने दिवा सावरून तो करीत असतो. त्याची परीक्षा घेणारे तेथे कोणी नसते. काम संपले की सांध्यावर पत्रा, फळी किंवा सिमेंट येते आणि पुढची कित्येक वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तो पुन्हा आठवतो तो एकदम एखाद्या दिवशी, करपल्याचा वास सुटल्यावर.

हा सांधा झाकण्यासाठी पूर्वी कापडी चिकटपट्टी गुंडाळीत. पुढे प्लॅस्टिकची पट्टी आली. दोहोंचाही दोष एकच: उन्हाने व काळाने गोंद सुटतो आणि पट्टी उलगडू लागते. आज तारकाम करणाऱ्याच्या पेटीत तिची जागा बव्हंशी एका नळीने घेतली आहे. तिला बाजारात ‘हीट श्रिंक’ किंवा नुसती ‘स्लीव्ह’ म्हणतात. सांध्यावर ती सैल सरकवावयाची, ऊब द्यावयाची, की ती आकसून सांध्याला घट्ट बिलगते. आता प्रश्न उरतो तो उबेचा. भिंतीत विजेचे भोक असेल, तर विजेवर चालणारी हीट गन लावता येते. पण जेथे वीज यावयाचीच आहे, किंवा कामासाठी जेथील वीज बंद करून ठेवली आहे, तेथे ऊब आणावयाची कोठून? उत्तर असते गॅसवर चालणारे, हातात मावणारे एखादे साधन. ते कोणते घ्यावे, हा वरवर पाहता दुकानदारीचा प्रश्न. खोलात गेल्यास तो कारागिरीचा आणि जबाबदारीचा प्रश्न आहे.

बेंगळुरू शहरात हा प्रश्न सतत विचारला जातो, ह्यात नवल नाही. त्या शहराचे नशीबच तारेला बांधलेले आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण होणारी वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली, आणि ५ ऑगस्ट १९०५ रोजी तीच वीज बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिव्यांच्या रूपाने उजळली. १९४० साली सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने तेथे विमानांचा कारखाना उभा केला. १९४८ साली टेलिफोनचा कारखाना निघाला, १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स आली, पुढे अवकाश संशोधनाचे मुख्य ठाणेही तेथेच झाले. विमान, टेलिफोन, रडार, उपग्रह ही नावे वेगळी. पण प्रत्येकाच्या पोटात आहेत त्या ताराच, आणि तारा आहेत तेथे सांधे आहेत.

त्या शहराच्या जुन्या भागात सदर पत्रप्पा रस्ता आहे. सारे लोक त्याला एस. पी. रोड म्हणतात. तारा, स्विचे, संगणकाचे सुटे भाग आणि हत्यारे ह्यांच्या लहान लहान दुकानांनी तो गजबजलेला असतो. जवळच चिकपेट आहे. पुण्याच्या माणसाला ‘पेठ’ हा शब्द ऐकून घरच्यासारखे वाटावे, आणि तेथील सोनारांची दुकाने पाहून आणखी एका हत्याराची आठवण व्हावी. ते हत्यार म्हणजे सोनाराची फुंकणी. दिव्याची ज्योत तीच, तेल तेच. परंतु फुंकणीच्या टोकाने सोनार ती ज्योत वाकवतो, बारीक करतो, दागिन्याच्या नेमक्या कडीवर नेतो आणि डाख वितळताक्षणी श्वास आवरतो. शेजारची कडी सुटत नाही, खडा तडकत नाही. उष्णतेच्या कामाचे सारे मर्म ह्या आवरलेल्या श्वासात आहे. गॅसचे साधन निवडतानाही पाहावयाचे ते हेच.

ह्यासाठी प्रथम नळीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. पॉलिएथिलीन हे साधे प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता होय. तापवले की ह्या साखळ्या एकमेकींवरून घसरतात आणि प्लॅस्टिक वितळते. इंग्लंडमधील हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात आर्थर चार्ल्सबी ह्यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले की, किरणोत्साराचा मारा केल्यास ह्या साखळ्या जागोजागी एकमेकींस जोडल्या जातात. मग ते प्लॅस्टिक तापवले असता मऊ पडते, पण वाहत नाही. १९५७ साली पॉल कुक ह्यांनी अमेरिकेत स्थापन केलेल्या रेकेम ह्या कंपनीने ह्या गुणावर मोठा उद्योग उभारला. अशी जोडबंद नळी गरम असताना फुगवावयाची आणि फुगलेल्या स्थितीतच थंड करावयाची. ती तशीच राहते. परंतु तिच्या अंगी मूळच्या आकाराची ओढ शिल्लक असते. पुन्हा ऊब मिळाली की ती त्या आकाराकडे धाव घेते. ताणून धरलेले मूल हात सोडताच आईकडे पळावे, तसा हा प्रकार आहे.

ही धाव सुरू होण्यास फार मोठी आच लागत नाही. नेहमीच्या पॉलिओलेफिन जातीची नळी ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसच्या आसपास आकसू लागते आणि १२० अंशांच्या सुमारास पुरी आकसते. काही खास जातींना १७५ अंश किंवा त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. त्यांची माहिती पाकिटावर छापलेली असते. आता नळीच्या आत काय आहे तेही पाहावे. घरगुती वायरिंगच्या तारेवरील साधे पी.व्ही.सी.चे वेष्टन सतत ७० अंश तापमान सोसण्यासाठी केलेले असते. काही क्षणांची अधिक ऊब ते सहन करते. पण आच लांबली तर ते मऊ होते, पातळ पडते आणि शेवटी करपते. म्हणजे बाहेरच्या नळीला १२० अंश मिळाले पाहिजेत आणि आतल्या तारेचे रक्षणही झाले पाहिजे. ह्या दोन मर्यादांमधील वाट अरुंद आहे, आणि ती थोड्या सेकंदांत चालून जावयाची असते.

ह्याउलट गॅसच्या ज्योतीचे तापमान पाहावे. ब्यूटेन वायू हवेत जळतो तेव्हा ज्योतीचे कमाल तापमान गणिताने १,९०० ते २,००० अंशांच्या घरात जाते. प्रत्यक्षात ते कमी भरते, तरीही हजार अंशांच्या पुष्कळच वर असते. ज्या कामास १२० अंश हवेत, त्यासाठी हजारांहून अधिक अंशांचे साधन हाती घेतले जाते. मग त्यात शहाणपण कोणते? शहाणपण अंतरात, वेगात आणि थांबण्यात आहे. निखाऱ्यावर पापड भाजणारी गृहिणी पापड एका जागी धरून ठेवत नाही. ती तो फिरवते, उलटते आणि डाग पडण्यापूर्वी उचलते. निखाऱ्याची आच मोजण्याचे यंत्र तिच्यापाशी नसते, पण पापड कोणत्या क्षणी उचलावयाचा हे हाताला ठाऊक असते.

मग गॅसच का, असे कोणी विचारील. उत्तर हिशेबात आहे. १० ग्रॅम ब्यूटेनमध्ये सुमारे १२५ वॅट-तास इतकी ऊर्जा साठवलेली असते. १,५०० वॅटची विजेची हीट गन एवढी ऊर्जा पाच मिनिटांत संपवील. खिशात मावणारे गॅसचे साधन मात्र १०० वॅटच्या बेताची आच देत तेवढ्यावर तासभर चालेल. त्याची आच लहान असते, पण ती सांध्याच्या अगदी जवळ नेता येते, म्हणून पुरते. गच्चीवरील सौर पट्ट्या, शेतातील पंप, रस्त्यात बंद पडलेली मोटार, अर्धवट बांधलेली इमारत अशा ठिकाणी ही सोय अमोल ठरते. मात्र एक गोष्ट आरंभीच मान्य करावी. जेथे वीज सुरक्षितपणे मिळते, तेथे तापमान ठरवता येणारी विजेची हीट गनच श्रेष्ठ. गॅसचे साधन नाइलाजाच्या जागेसाठी आहे, हौसेसाठी नव्हे.

कित्येक जण ह्या दोहोंना बगल देऊन काडेपेटी, मेणबत्ती किंवा सिगारेटचा लायटर वापरतात. सुंठीवाचून खोकला गेला, असे त्यांना वाटते. परंतु पिवळ्या ज्योतीत कोळशाचे न जळलेले कण असतात, आणि तेच काजळी होऊन नळीवर बसतात. कोळसा वीज वाहून नेतो. जे वेष्टन वीज अडवण्यासाठी चढवले, त्यावर काजळी धरू देणे म्हणजे कुंपण घालून त्याला फट ठेवणे होय. शिवाय ह्या ज्योतीने एक बाजू करपते आणि दुसरी आकसतच नाही. काळ्या नळीवर हे दोष दिसत नाहीत, म्हणून ते अधिक घातक.

बाजारात मिळणाऱ्या गॅसच्या साधनांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला उघड्या ज्योतीचा. त्यात वायू तोटीतून बाहेर पडतो, हवेत मिसळतो आणि डोळ्यांसमोर जळतो. दुसरा प्रकार झोताचा. त्यात वायू तोटीच्या आत, प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप असलेल्या जाळीवर जळतो. प्लॅटिनमच्या तापलेल्या तारेवर ज्वालाग्राही वायू ज्योतीवाचून जळत राहतो, हे हंफ्री डेव्ही ह्यांनी १८१७ साली दाखवले होते. धातू स्वतः खर्च होत नाही, केवळ ज्वलन घडवून आणतो. रसायनशास्त्र त्याला उत्प्रेरक म्हणते. असे साधन प्रथम ठिणगीने पेटवावे लागते. क्षणभर ज्योत दिसते, जाळी तापून लाल होते, ज्योत मावळते आणि मग तोटीतून केवळ गरम झोत येत राहतो. बारीक तारांच्या नळ्यांसाठी हा झोत उघड्या ज्योतीपेक्षा सौम्य, काजळीविरहित आणि आवरता येण्याजोगा असतो. तोटीपुढे पन्हळीसारखा वाकलेला लहान पत्रा बसवला की झोत नळीच्या मागील बाजूसही वळतो आणि नळी चहूकडून सारखी आकसते.

परंतु ज्योत दिसत नाही म्हणून आग नाही, असा समज करून घेऊ नये. जो धातू लाल दिसतो तो ५०० अंशांच्या वर तापलेला असतो. पेट्रोलची वाफ पेटावयास तेवढे पुष्कळ झाले. म्हणून इंधनाच्या टाकीजवळ, रंगाचे पातळ द्रव्य वापरले असेल तेथे, किंवा बॅटरी चार्ज होत असताना हायड्रोजन सुटत असेल अशा कोंदट जागी ज्योतही नको आणि झोतही नको. ज्वलनाला हवा लागते. बंद खोलीत ती अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तळघरात किंवा केबलच्या खड्ड्यात उतरणाऱ्याने हे विसरू नये.

उघडी ज्योत सर्वथा वाईट, असाही निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. बेंगळुरूत अलीकडच्या वर्षांत डोक्यावरच्या विजेच्या तारा उतरवून जमिनीखाली केबल टाकण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. ११,००० व्होल्टच्या मनगटाएवढ्या केबलचा सांधा खिशातल्या झोताने आकसणार नाही. तेथे एल.पी.जी.च्या सिलिंडरवर चालणारा टॉर्चच हवा. मात्र त्याचीही ज्योत निळी, टोकदार आणि सुसाट ठेवीत नाहीत. ती रुंद व मऊ, टोकाशी किंचित पिवळसर अशी लावतात, आणि नळीभोवती सतत फिरवीत, बहुधा मध्यापासून टोकांकडे नेतात, म्हणजे आतील हवा कोंडून राहत नाही. टेलिफोनच्या जुन्या जोडाऱ्यांना ही कला परकी नव्हती. कागदी वेष्टनाच्या तारांवर शिशाची नळी बसवून ते ब्लो लॅम्पने डाख वितळवीत आणि कापडाने पुसून सांधा गुळगुळीत करीत. पुढे टेलिफोन केबलवरही आकसणारी वेष्टने आली. साहित्य बदलले, आच फिरती ठेवण्याचा नियम बदलला नाही.

तेव्हा निवड साधनापासून नव्हे, तारेपासून सुरू करावी. आपल्या हातून बहुतेक कोणत्या जाडीची तार जोडली जाते, नळी कोणत्या तापमानाची आहे, जागा उघडी आहे की कोंदट, आणि आजूबाजूला पेट घेणारे काय आहे, ह्या चार प्रश्नांची उत्तरे आधी तयार असावीत. मग दुकानात पाहावयाच्या गोष्टी थोड्याच उरतात. गॅस कमी-अधिक करण्याचा खटका मध्यम आचेवर स्थिर राहतो काय? साधन खाली ठेवले असता तोटी जमिनीला न टेकता उभे राहते काय? बंद केल्यावर झोत लगेच थांबतो काय? टाकीत किती गॅस उरला हे दिसण्यास खिडकी आहे काय? तप्त तोटी झाकणारे टोपण आहे काय? जाळीची सुटी तोटी पुढे त्याच बाजारात मिळेल काय? ज्या साधनाची तोटी मिळत नाही, ते स्वस्तात मिळाले तरी महागच पडते.

ज्याच्या साधनात डाख लावण्याचे टोक आणि झोताची तोटी अशी दोन्ही बसतात, त्याची पेटी हलकी होते. त्यालाही एक पथ्य आहे. नळी तारेवर आधी सरकवून ठेवावी लागते. सांधा झाल्यावर ती घालावयास वाट उरत नाही. पण ती सांध्याच्या फार जवळ ठेवली, तर डाख लावतानाच्या उष्णतेने तेथल्या तेथे आकसून बसते. तिला चार बोटे दूर ठेवावी, डाख निवू द्यावा, आणि मगच तिला जागेवर आणावे.

आता गॅसविषयी. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या सुमारास उकळतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असले, तरी तेथील थंडी त्याला अडवीत नाही. लेहच्या हिवाळ्यात मात्र तोच ब्यूटेन टाकीत द्रवरूपाने बसून राहील आणि साधन पेटणार नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. २० अंशांवर ब्यूटेनचा दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट असतो. ५० अंशांवर तो सुमारे पाचपट होतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत साधन किंवा गॅसचा डबा ठेवणे म्हणजे संकटाला घर देणे होय. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून ते भरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्या वायूत प्रोपेनही असतो, आणि निव्वळ प्रोपेनचा दाब ५० अंशांवर वातावरणाच्या सतरापट जातो. लहानशी टाकी त्यासाठी केलेली नसते.

भरताना साधन पूर्ण थंड असावे, जागा मोकळी असावी आणि जवळपास दिवा, शेगडी किंवा उदबत्तीसुद्धा नसावी. ब्यूटेन हवेच्या दुप्पट जड आहे. सांडलेला वायू वर उडून जात नाही, तो जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात साचतो. म्हणून भरल्यावर काही मिनिटे थांबूनच ठिणगी पाडावी. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गॅसचे डबे विमानातून किंवा आगगाडीतून नेता येत नाहीत. साधन रिकामे करून, आणि विमान कंपनीचा नियम विचारूनच न्यावे. गॅस मुक्कामी विकत घ्यावा.

शेवटी परीक्षेचा एक मार्ग सांगण्यासारखा आहे. त्यास पैसा लागत नाही, थोडा वेळ मात्र लागतो. नवे साधन आणल्यावर नेहमीच्या तारेचे तुकडे घेऊन दहा सांधे करावेत. नळी आतील सांध्याचा उंचसखलपणा दाखवू लागली, आणि आतून गोंद असलेली नळी असल्यास दोन्ही टोकांशी गोंदाची बारीक कडी दिसू लागली, की आच त्याच क्षणी काढावी. सांधे निवू द्यावेत. मग धारदार पात्याने प्रत्येक नळी उभी चिरून आत पाहावे. तारेचे वेष्टन मूळच्या रंगाचे व गोल राहिले असेल, तर साधन आणि हात दोन्ही पास झाले. ते चपटे, चकचकीत किंवा तपकिरी झाले असेल, तर अंतर वाढवावे, वेळ कमी करावा आणि आणखी दहा सांधे करावेत. दुकानातील कोणतीही जाहिरात जे सांगू शकत नाही, ते हे चिरलेले तुकडे सांगतात.

थोड्या तारेची नासाडी होते खरी. पण ज्या घराच्या भिंतीत उद्या तसाच सांधा कायमचा बुजवला जाणार आहे, त्या घरातील माणसांना तो चिरून पाहण्याची संधी मिळणार नाही. ती निजलेली असतील तेव्हा विजेचा प्रवाह त्या सांध्यातून वाहत असेल. त्यांच्या वतीने तो आधीच तपासून ठेवणे एवढेच कारागिराच्या हाती असते. ज्या साधनाने आच हवी तेथे देता येते आणि हवी तेव्हा थांबवता येते, ते साधन त्याच्यासाठी योग्य. मग ते ज्योतीचे असो, की झोताचे.